अकरा पॉइंट, अठ्ठावीस पॉइंट

काश्या,

तू गेल्याची बातमी आली तेव्हा मी ती आधी तपासून घेतली. सिरसाळ्याच्या स्टँडवर परळीहून आलेल्या जीपवाल्यानं सांगितलं, "मेडिकलवाले, तुमचे लॅबवाले अप्पा गेले की सकाळी." मी त्याला विचारलं, कोणते अप्पा, कुठली लॅब, तुला कोणी सांगितलं, तू स्वतः पाहिलंस का. तो वैतागून निघून गेला. मग मी समोरच्या एसटीडी बूथवरून तुझ्या गल्लीतल्या किराणावाल्याला फोन लावला. तो हो म्हणाला. तरी समाधान होईना, म्हणून स्टेशनसमोरच्या चहावाल्याला लावला. तो फोनवर रडायलाच लागला. तेव्हा कुठे मी दुकानाचं शटर ओढलं. तू असतास तर म्हणाला असतास, "दत्त्या, मानूस मेल्याचीबी दोन ठिकानी टेस्ट करतो का बे?"

करतो. तुला माझा स्वभाव शाळेपासून ठाऊक होता. नवी नोट उजेडाला धरणारा, दारात पाहुणा आला की आधी त्याच्या येण्याचं कारण शोधणारा. औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला असा स्वभाव लागतोच, असं मी म्हणायचो. आणि ती वर्षंही तशीच होती. बाजार खुला झाला, बाजार खुला झाला, असं जो तो म्हणत होता. माझ्या दुकानात दर महिन्याला एक नवी कंपनी, नवा एमआर, नव्या चकचकीत पट्ट्या, आणि आतली गोळी कशाची हे देवालाच माहीत. मी प्रत्येक पट्टीचा बॅच नंबर भिंगातून वाचायचो. परळीत तुझ्या लॅबच्या आजूबाजूलाही काचेच्या दारांची, एसी लावलेली कलेक्शन सेंटरं उघडायला लागली होती. माझा त्यांच्या पाट्यांवर विश्वास नव्हता, त्यांच्या टायवाल्या पोरांवर तर नव्हताच. तुझ्यावर होता. म्हणून पुढे जे झालं ते मला इतकं लागलं, आणि म्हणून मी इतका वाईट वागलो.

स्टेशन रस्त्यावरची तुझी ती दोन खोल्यांची लॅब. थर्मल वीजकेंद्राची राख खिडकीतून आत यायची, म्हणून मायक्रोस्कोपवर तुझ्या बायकोच्या, शांतावहिनींच्या, जुन्या इरकलीचं फडकं टाकलेलं असायचं. आठवड्यातून दोनदा मी सिरसाळ्याहून थर्मासमध्ये बर्फ घालून रक्ताच्या नळ्या घेऊन यायचो. आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर रक्त काढायच्या, मी पोचवायचो, तू तपासायचास. नळी हातात घेतली की तू आधी चिठ्ठी वाचायचास आणि मग नळी उजेडाला धरायचास. उजेडाला धरायची सवय आपल्या दोघांची सारखी होती.

आपलं भांडण कायमचं एकच, पॉइंटचं. आपल्याकडे अंगातलं रक्त पॉइंटात मोजतात. हिच्या अंगात आठ पॉइंट रक्त, तिच्या अंगात सहा पॉइंट. तिथून तो शब्द साखरेला लागला, साखरेवरून युरियाला, मग सगळ्यालाच. मी तुझ्या टेबलाशी उभा राहून विचारायचो, "काश्या, म्हातारीची शुगर किती पॉइंट?" की तू पेन खाली ठेवायचास.

"कशातले पॉइंट बे? कबड्डीतले?"

"समदेच पॉइंट म्हनतेत."

"समद्यायला म्हनू दे. तू औषधं इकतो. नुसता शंभर म्हंजे काय? शंभर किलो का शंभर कोस? आकड्याला आडनाव लागतंय, दत्त्या."

"आडनाव बघून काय सोयरीक जुळवायची हाय?"

बाकावर बसलेले पेशंट हसायचे, तूही हसायचास, पण कागदावर आकड्यापुढे ती बारीक इंग्रजी अक्षरं लिहिल्याशिवाय रिपोर्ट माझ्या हातात द्यायचा नाहीस. मला तो तुझा फाजील टापटीपपणा वाटायचा.

सुमनच्या बाळंतपणाचं तुला आठवत असेल. तिचं रक्त लई गेलं, अंबाजोगाईला नेलं, आणि तिथं कळलं की तिचा गट एबी निगेटिव्ह. शोधून सापडत नाही तो. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलो होतो, माझ्यानं उठवत नव्हतं. तू लुना काढलीस, थर्मलच्या कॉलनीत दारोदार फिरलास आणि एक केरळी इंजिनियर मागच्या सीटवर बसवून घेऊन आलास. त्याला मराठी येत नव्हतं, तुला त्याची भाषा येत नव्हती, आणि तरी तो आला. माझी बायको वाचली, लेक वाचली. नंतर कित्येक वर्षं तू म्हणायचास, "आख्ख्या परळी भागात ह्या गटाची दोनच मानसं मला ठावकी हायेत. एक वहिनी, अन् एक त्यो केरळवाला." हे तुझं वाक्य मी विसरलो. तू विसरला नव्हतास.

लेक कॉलेजात गेली तेव्हा सुमनची हाडं दुखायला लागली. कंबर, मांड्या, नडग्या. उठायला तिला भिंत धरावी लागे आणि जिना चढताना ती माझ्याकडे बघायची नाही. मी दुकानातल्या गोळ्या दिल्या, तेलं दिली. एक दिवस तू म्हणालास, वहिनीच्या रक्तातलं डी जीवनसत्त्व मोजून घे. मी खो खो हसलो.

"बीड जिल्ह्यात उन्हाचा तोटा हाय का बे? हितं दगड भाजून निघतेत."

"ऊन गावात हाय. वहिनीला कुठं हाय? सकाळी चुलीपाशी, दुपारी तुज्या दुकानामागल्या खोलीत, बाहीर निघाली तर डोक्यावरून पदर."

मग तू मला समजावलंस. हे परळीत होत नाही, अंबाजोगाईत होत नाही, रक्तातलं पाणी वेगळं करून बर्फात मुंबईला पाठवायचं. तिथं किरणोत्सर्गी औषध वापरून मोजतात, कारण ते असतं इतकं थोडं, की ग्रॅमचे अब्ज भाग करायचे आणि त्यातले काही मोजायचे. तू जेवढं समजावत गेलास तेवढा मी साशंक होत गेलो. जे दिसत नाही, जे इथं कोणी मोजत नाही, जे मुंबईला जातं आणि आठ दिवसांनी फॅक्सवर आकडा होऊन येतं, ते खरं कशावरून? मी विचारलं, वाटेत बर्फ वितळला तर? तू म्हणालास, "डी लई चिवट हाय. दोन-चार दिसांत काय होत न्हाई त्याला." दूध दुपारपर्यंत नासतं आणि हे म्हणे टिकतं!

त्याच आठवड्यात एक एमआर दुकानात चहा पिताना बोलून गेला, हल्ली काही लॅबवाले रक्त बेसिनात ओततात आणि आकडा मनानं टाकतात. त्यानं तुझं नाव घेतलं नाही. मीच त्या वाक्याला तुझ्या घराचा पत्ता दिला.

मग मी डाव टाकला. सिस्टरांना सांगितलं, दोन नळ्या भरा. रक्त दोन्हीत सुमनचंच. एका नळीवर सुमनचं नाव लावलं, दुसरीवर लिहिलं, सखाराम, पुरुष, वय पन्नास. सुमनला सांगितलं, डॉक्टरांनीच दोन मागितल्यात. थर्मास घेऊन तुझ्याकडे आलो आणि तोंड शक्य तेवढं साधं ठेवलं. तू दोन्ही नळ्या उजेडाला धरल्यास, मग माझ्याकडे पाहिलंस.

"सखाराम कोन?"

"हाय एक वस्तीवरला."

"त्याचीबी हाडं दुखतेत?"

"लई."

तू मान डोलावलीस आणि वहीत दोन नावं लिहिलीस. मला वाटलं, फसला.

बारा-तेरा दिवसांनी दोन रिपोर्ट हातात आले. सुमन, अकरा. सखाराम, अठ्ठावीस. काश्या, आज तुझ्यापुढे काही लपवायचं नाही म्हणून सांगतो, मला त्या क्षणी आनंद झाला. बायकोची हाडं बाजूला राहिली. आपण चोर पकडला, आपलं डोकं सगळ्यांपेक्षा तेज, याचा तो आनंद होता. बाकावर सहा-सात पेशंट बसलेले होते. त्यांच्यासमोर मी आवाज चढवला.

"ह्यो सखाराम कोन हाय, ठावकं हाय का तुला?"

"हाय की. सुमनवहिनी."

"म्हंजे तुला ठावकं होतं?"

"होतं. बस जरा, सांगतो."

"काय सांगतो? एकाच बाईचं एकच रगत, हिकडं अकरा पॉइंट अन् तिकडं अठ्ठावीस पॉइंट! बेसिनात ओततो अन् आकडे मनानं टाकतो, हेच सांगनार ना?"

तू पॉइंट या शब्दावरसुद्धा चिडला नाहीस. तिथंच मला कळायला हवं होतं की तुला काहीतरी फार लागलंय. तू एवढंच म्हणालास, "दत्त्या, कागद उलटून तर बघ." मी कागद खिशात कोंबले आणि निघालो. मागे टाचणीनं मुंबईचे-बिंबईचे फॅक्स लावलेले होते, ते मी उलटून पाहिले नाहीत. जो माणूस क्रोसिनच्या पट्टीची मागची बाजू भिंगातून वाचतो, त्यानं.

पुढचं तुला कोणी ना कोणी सांगितलंच असणार. सिरसाळ्याच्या आठवडी बाजारात मी हा किस्सा रंगवून सांगितला आणि संध्याकाळपर्यंत तुझं नाव पडलं, बेसिनवाले अप्पा. आमच्याकडच्या नळ्या मी काचेच्या दारवाल्याकडे पाठवायला लागलो. तीन वर्षं आपण बोललो नाही. महाशिवरात्रीच्या जत्रेत वैजनाथाच्या पायऱ्यांवर तू मला लांबून पाहिलंस, हात वर केलास. मी चपला शोधण्याचं सोंग केलं. चपला माझ्या पायातच होत्या. तू ते पाहिलंस का? पाहिलंच असशील, तुझी नजर मायक्रोस्कोपवर बसलेली होती.

इकडे सुमनचं दुखणं मी माझ्या पद्धतीनं घेतलं. डी कमी असेल-नसेल, ऊन तरी फुकटचं आहे म्हणून रोज सकाळी अंगणात बाज टाकून तिला बसवायला लागलो. आणि चार-पाच महिन्यांत ती खरंच भिंत न धरता उठायला लागली. मी गावभर सांगितलं, बघा, लॅब नाही, मुंबई नाही, नुसतं ऊन! सुमन तेव्हा काही बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याचा मला संशय यायला हवा होता. जिथं यायला हवा तिथं माझा संशय कधी वेळेवर आला नाही.

गेल्या आठवड्यात तुमच्या लिंगायत रीतीनं तुला बसवून मातीत दिलं. कपाळाला विभूती, मांडीवर बेल. मी गर्दीतून पुढे सरकलो आणि तुझा चेहरा निरखून पाहिला. काय शोधत होतो, सांगू? तू माझ्यावर रागावलेला गेलास का, ते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी मूठभर माती टाकली आणि बाजूला झालो. माझ्या मागे कोणीतरी कुजबुजलं, "हेच ते मेडिकलवाले." ते ऐकून मला बरं वाटलं. निदान एक माणूस तरी मला ओळखून होता.

नंतर बसायला म्हणून तुझ्या घरी आलो. तुझ्या लेकीनं, गिरिजानं, मला लॅबमध्ये नेलं. आता तीच लॅब चालवणार म्हणते, कोर्सही तिनं तोच केलाय. कपाटातून तुझी जाड वही काढली, एक पान दुमडलेलं होतं. ती म्हणाली, "काका, अप्पांनी ह्ये पान कदीच उलगडू दिलं न्हाई. आज तुमी वाचा."

तुझं अक्षर. "सुमन, सखाराम. शंका आली. दोन्ही नळ्यांचा गट काढला. दोन्ही एबी निगेटिव्ह. सखाराम म्हणजे वहिनीच. दत्त्याचा डाव." खाली लिहिलंय, "बरं झालं. एक मुंबईला, एक हैदराबादच्या नव्या लॅबला पाठवतो. ते 'आमचा बोर्ड लावा' म्हणून मागे लागलेत, त्यांचीही परीक्षा होईल." आणि त्याच्या खाली, निकालासाठी सोडलेल्या जागेत, "मुंबई ११ नॅनोग्रॅम. हैदराबाद २८ नॅनोमोल. अडीचनं भागलं. जमलं."

मला कळेना. गिरिजानं समजावलं, अगदी तुझ्यासारखं, पेन खाली ठेवून. "काका, एक लॅब वजन सांगती, दुसरी नग मोजती. गूळ किलोनं सांगा न्हाईतर ढेपीनं, आकडा येगळा येतो, गूळ त्योच असतो. अठ्ठाविसाला अडीचनं भागा, अकराच येतेत." मी मनात भागाकार केला. मग तोंडानं केला. मग तिच्याकडून कागद घेऊन केला. अकरा आणि वर थोडं.

आणि काश्या, एवढ्यावर मी थांबलो नाही. मी ती वही खिडकीशी नेली आणि शाई पाहिली. नंतर कधीतरी घुसडलेल्या ओळी तर नाहीत? वरच्या ओळीत कोणाची तरी लघवीची तपासणी, खालच्या ओळीत कोणाचा तरी मलेरिया, तारखा ओळीनं, पेन तेच, मधे केस शिरायला जागा नाही. मान वर केली तर गिरिजा माझ्याकडे बघत होती. तिनं खिडकीचं दार आणखी उघडून दिलं. तुझी लेक आहे.

घरी येऊन पत्र्याच्या पेटीतून ते दोन रिपोर्ट काढले. अकरापुढे बारीक इंग्रजी अक्षरं आहेत, अठ्ठावीसपुढेही आहेत. दोन्हींची सुरुवात एननं होते, म्हणून मी तेव्हा एकच समजलो असेन, किंवा वाचलीच नसतील. कागद उलटले. मागचे फॅक्स पांढरे फटक झालेत, एक अक्षर राहिलेलं नाही. तू उलटून बघ म्हणालास तेव्हा सगळं तिथं होतं.

त्या पानावर सगळ्यात खाली तू दोन कामं लिहून ठेवली आहेस. पहिलं, "वहिनीला हाडाच्या डॉक्टरकडे पाठवणे." त्यापुढे तुझ्या लाल पेन्सिलीची बरोबरची खूण. काम झालं की तू तशी खूण करायचास. मी सुमनला विचारलं. ती भाजी निवडत होती, हात न थांबवता म्हणाली, "शांतावहिनीसंगं अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला गेलते न्हाई का, तवाच. डॉक्टरनी पुड्या लिहून देल्या. दर आठवड्याला दुधातून घ्यायचे."

"अन् पुड्या ठिवल्या कुठं?"

"तुरीच्या डब्यात."

"मला कावून सांगितलं न्हाई?"

"तुमी पुडीबी उजेडाला धरली असती." मग तिचा हात थांबला. "अन् भावजींनी शपथ घातलती. म्हनले, दत्त्याला मी सांगनार. मीच सांगनार. तुमी मधी पडू नगा."

म्हणजे माझ्या उन्हाची बढाई तिनं ऐकून घेतली, आणि तू तीन वर्षं 'बेसिनवाले' ऐकून घेतलंस. तुझे उपकार कसे मानायचे ते मला कळत नाही. माझी बायको तू दोनदा उठवलीस, एकदा बाळंतपणाच्या खाटेवरून आणि एकदा भिंतीपासून. दुसऱ्या वेळी तर मी तुला बाजारात नागडं करत होतो. मला लाज वाटते, आणि तुझा रागही येतो. सिरसाळा-परळी असं काय लांब आहे? एखाद्या दिवशी जीपमध्ये बसून आला असतास, वही काउंटरवर आपटली असतीस, आई-बहिणीवरून शिव्या घातल्या असत्यास. पण तुला माहीत होतं, तू वही घेऊन आलास की मी शाई तपासणार. मी आपल्या पायांनी येऊन विचारावं, याची तू वाट बघत बसलास. खरं की नाही? आता कोणाला विचारू.

काल एक गिऱ्हाईक म्हणालं, "बेसिनवाले अप्पा गेले म्हनं." मी त्याला बसवून सगळं सांगितलं. वजन, नग, गूळ, एबी निगेटिव्ह, सगळं. तो ऐकून हसला. म्हणाला, "मेल्यावर समदे चांगलंच बोलतेत, मेडिकलवाले." माझ्यासारखाच साशंक निघाला. मी बोलायला लागलो होतो ते माझ्याच गावात खोटं ठरत होतं, आणि ते गाव तसं मीच करून ठेवलं होतं.

गिरिजानं वही चार दिवस माझ्याकडे ठेवू दिली आहे. आता समोर काउंटरवर आहे, शेजारी तुझी लाल पेन्सिलही, तिनंच दिली. पानावरचं दुसरं काम आहे, "दत्त्याला सांगणे." पुढे खूण नाही. सकाळपासून तीनदा पेन्सिल हातात घेतली. वाटलं, मला तर सगळं कळलं, करून टाकावी खूण, काम संपलं म्हणावं, तुझाही जीव मोकळा होईल आणि माझाही.

पण तू मला सांगितलं नाहीस, काश्या. तू सांगायला बसलास तेव्हा मी उठून गेलो. मी ते वाचलं, एवढंच. आता खूण केली तर ती खोटी नोंद होईल, आणि तुझ्या वहीत एकही खोटी नोंद नाही. चार दिवस बसून मी पहिल्या पानापासून तपासलंय.